टाइम इन रेंजचा रिपोर्ट खालून वर वाचा

मला टाइप १ मधुमेह होऊन १९ वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा वर्षं दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर आहे. माझं काम हिशेबतपासणीचं, त्यामुळे सेन्सरचा चौदा दिवसांचा पहिला रिपोर्ट छापून हातात आला तेव्हा आकड्यांची धास्ती वाटली नाही. हिरव्या पट्टीवर, म्हणजे टाइम इन रेंजवर (साखर ७० ते १८० च्या पट्ट्यात राहिली तो वेळ), ६८ टक्के लिहिलं होतं. ७० च्या वर असावं एवढं ऐकून होते, म्हणजे दोनच टक्के कमी. सरासरी साखर १३८. इतकी चांगली सरासरी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांची नजर हिरव्या पट्टीवर थांबलीच नाही. पेनाचं टोक तळाच्या लाल पट्टीवर टेकवून त्यांनी विचारलं, "पहाटे अंगावरचे कपडे घामानं ओले असतात का?"

असायचे. मी ते उकाड्यावर ढकललं होतं.

तळाच्या दोन लाल पट्ट्या, म्हणजे साखर ७० च्या खाली असलेला वेळ, मिळून ९ टक्के होत्या. शंभरात नऊ म्हटलं की किरकोळ वाटतं. पण २४ तासांचे ९ टक्के म्हणजे दोन तास दहा मिनिटं, आणि तीही रोजची. तेव्हापासून मी दोन सवयी लावून घेतल्या: रिपोर्ट खालून वर वाचायचा, आणि टक्का दिसला की तो लगेच वेळेत उतरवायचा. हे इथे सविस्तर लिहिते आहे, कारण सेन्सर नव्यानं लावलेली बहुतेक माणसं मी केलं तेच करतात. हिरव्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

टक्का म्हणजे किती वेळ

दिवसात १,४४० मिनिटं असतात. म्हणून १ टक्का म्हणजे १४ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. मनातल्या मनात पाव तास धरला तरी चालतो. ४ टक्के म्हणजे जवळजवळ तास. एवढं डोक्यात बसलं की रिपोर्ट निम्मा समजला.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं एकमतानं जी ध्येयं ठरवली, तीच आज बहुतेक रिपोर्टांवर छापलेली असतात. टाइप १ आणि टाइप २ असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी ती अशी (आकडे मिग्रॅ/डेलिमध्ये):

- ५४ च्या खाली: १ टक्क्यापेक्षा कमी. दिवसात पाव तासाच्या आत.
- ७० च्या खाली एकूण: ४ टक्क्यांपेक्षा कमी. तासाभराच्या आत.
- ७० ते १८०: ७० टक्क्यांपेक्षा जास्त. १६ तास ४८ मिनिटांहून अधिक.
- १८० च्या वर एकूण: २५ टक्क्यांपेक्षा कमी. सहा तासांच्या आत.
- २५० च्या वर: ५ टक्क्यांपेक्षा कमी. १ तास १२ मिनिटांच्या आत.

यात "एकूण" हा शब्द महत्त्वाचा आहे. ४ टक्क्यांत ५४ च्या खालचा वेळही धरलेला असतो. पण रिपोर्टाच्या रंगीत खांबात ५४ च्या खालची पट्टी आणि ५४ ते ६९ ची पट्टी वेगवेगळी छापतात. खालच्या पट्टीत २ आणि वरच्या पट्टीत ३ असेल तर "दोन्ही चारच्या आतच आहेत" असं वाटून माणूस निश्चिंत होतो. बेरीज पाच होते. वरच्या पिवळ्या आणि नारिंगी पट्टीचंही तसंच.

ज्यांचा मीटर मिलिमोलमध्ये आकडे दाखवतो त्यांच्यासाठी: ५४ म्हणजे ३.०, ७० म्हणजे ३.९, १८० म्हणजे १०.० आणि २५० म्हणजे १३.९.

ही ध्येयं सगळ्यांना सारखी लागू नाहीत. वय झालेल्या किंवा साखर उतरल्यावर जास्त धोका असलेल्या माणसांसाठी हिरव्या पट्टीचं ध्येय ५० टक्क्यांच्या वर एवढंच आहे, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्याही आत हवा. आईवडिलांच्या रिपोर्टावर ५५ पाहून त्यांना रागावणाऱ्या मुलांनी हे नक्की लक्षात ठेवावं. टाइप १ असलेल्या गरोदर बाईसाठी पट्टाच वेगळा असतो, ६३ ते १४०, आणि त्यात ७० टक्क्यांहून जास्त वेळ राहायचं असतं.

आणखी एक. ध्येय शंभराचं नाही. ७० टक्के पट्ट्यात म्हणजे रोज सात तास बाहेर, आणि तरीही रिपोर्ट चांगलाच. हे कळायला मला फार वेळ लागला आणि तोवर मी स्वतःला विनाकारण खूप छळलं.

आधी छेद तपासा

कुठलाही टक्का दिसला की आमच्या कामात पहिला प्रश्न असतो: कशाचे टक्के? सेन्सरच्या रिपोर्टात याचं उत्तर अगदी वर बारीक अक्षरात असतं. किती दिवसांची नोंद आहे, आणि त्यातला किती वेळ सेन्सर चालू होता. चौदा दिवस आणि त्यातला किमान ७० टक्के वेळ, एवढी नोंद असेल तर रिपोर्टवरून निष्कर्ष काढता येतो. त्याहून कमी असेल तर मी पुढचं वाचतच नाही.

कारण टक्के निघतात ते फक्त हाती आलेल्या नोंदींवर. जी नोंद नाही ती हिशेबात नाही. सेन्सर निघून पडला, फोन दुसऱ्या खोलीत राहिला, जोडणी तुटली, की तेवढे तास गायब होतात, आणि ते गायब झालेले तास नेहमीसारखेच असतील असं नाही. पहिल्या पिढीचे स्कॅन करायचे सेन्सर आठच तासांची नोंद साठवायचे. रात्री दहाला स्कॅन करून सकाळी आठला पुन्हा केला की मधले दोन तास कायमचे गेले. ते नेमके रात्रीचे.

दुसरी गोष्ट, पट्टा कोणता लावला आहे ते बघा. काही ॲपमध्ये तो बदलता येतो. माझ्या ॲपमध्ये मध्यंतरी कुणीतरी वरची मर्यादा १४० करून ठेवली होती आणि माझा आकडा एका पंधरवड्यात धाडकन घसरला. साखर होती तशीच होती, फक्त पट्टा आखडला होता. मधुमेह नसलेली माणसं दिवसाचा बहुतेक सगळा वेळ ७० ते १४० मध्ये असतात, त्यामुळे तो पट्टाही काही जण मुद्दाम वापरतात. त्यात गैर काही नाही. पण दोन रिपोर्टांची तुलना करायची तर दोन्हीकडे एकच पट्टा हवा.

तळाची पट्टी, आणि ती खरी आहे का

माझ्या त्या पहिल्या रिपोर्टात सेन्सर ९३ टक्के वेळ चालू होता. चौदा दिवसांचे ३३६ तास, त्यातल्या साधारण ३१२ तासांची नोंद. त्याचे ९ टक्के म्हणजे २८ तास. हे २८ तास चौदा दिवसांत सारखे वाटलेले होते का? टक्का हे सांगत नाही. रोज दोन-दोन तास साखर ६५ ला रेंगाळली तरी ९ टक्के, आणि आठवड्यातून दोन रात्री सलग सात तास खाली राहिली तरी ९ टक्केच. दोन्हींचा इलाज वेगळा आणि धोकाही वेगळा. त्यासाठी रिपोर्टाच्या शेवटी एकेका दिवसाचे छोटे आलेख असतात ते उघडावे लागतात. मी ते पेन्सिल घेऊन बघितले. २८ पैकी १९ तास रात्री एक ते पाचच्या मधले निघाले.

मग प्रश्न आला की हे खरंच घडलं का. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. कातडीखाली पेशींच्या भोवती जो द्रव असतो त्यातली साखर तो मोजतो. त्या दंडावर कूस करून झोपलं की दाबानं तिथला प्रवाह मंदावतो आणि सेन्सर खोटा खाली आकडा दाखवतो. त्याची खूण आलेखावर दिसते: रेषा एकदम कड्यासारखी कोसळते, काही वेळ तळाला पडून राहते आणि कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर येते. खरी उतरलेली साखर शक्यतो उतरणीसारखी हळूहळू खाली येते. मी पाच रात्री गजर लावून उठले आणि बोट टोचून पाहिलं. दोन रात्री मीटर १०५ च्या आसपास आणि सेन्सर ५८. उरलेल्या तीन रात्री मीटर आणि सेन्सर दोघंही साठीच्या खाली. म्हणजे काही तास दाबाचे होते, पण बहुतेक खरे होते. सेन्सर दुसऱ्या दंडावर घेतला आणि डॉक्टरांनी रात्रीचं बेसल (दिवसरात्र पुरणारं, हळू काम करणारं) इन्सुलिन कमी केलं. हा क्रम महत्त्वाचा. नोंद खरी आहे याची खात्री न करता केवळ लाल पट्टी बघून डोस बदलला असता तर चुकलं असतं.

नव्या सेन्सरच्या पहिल्या दिवशीचे आकडेही मी जरा हात राखून घेते, तेव्हा चूक जास्त होते. काही सेन्सरांवर पॅरासिटामॉलचा, काहींवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसचा परिणाम होऊन आकडा खोटा चढतो. तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात हे असतं, एकदा वाचून ठेवा. आणि अंग जे सांगतंय त्याच्याशी सेन्सरचा आकडा जुळत नसेल तर बोट टोचून बघा.

शिवाय हा द्रव रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. साखर उतरली म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या घेतल्या, रक्तात ती वर आलीसुद्धा, तरी सेन्सर अजून ६१ च दाखवतो. घाबरून माणूस आणखी खातो. तासाभरात २६०. माझे पहाटेचे बरेच चढे आकडे असेच तयार झालेले होते. खालून वर वाचायचं ते यासाठीसुद्धा: वरच्या पट्टीतले कित्येक तास खालच्या पट्टीतून निघालेले असतात. तळ सावरला नाही आणि वरच्या आकड्यासाठी इन्सुलिन वाढवलं, तर तळ आणखी खचतो.

दोन रिपोर्ट, दोन्हींत ६८

बेसल कमी केल्यावर महिन्याभरानं नवा रिपोर्ट काढला. हिरवी पट्टी पुन्हा ६८. मी हिरमुसले. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले.

पहिला, खालून वर: २, ७, ६८, १५, ८. सरासरी १३८.
दुसरा, खालून वर: ०, २, ६८, २५, ५. सरासरी १५६.

सरासरीवर निवाडा केला तर पहिला चांगला. पण पहिल्यात रोज अर्धा तास साखर ५४ च्या खाली होती, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. ७० च्या खालचा एकूण वेळ दोन तास दहा मिनिटांवरून अर्ध्या तासावर आला. २५० च्या वरचा वेळही कमी झाला, कारण पहाटेची घाबरून खाण्याची वेळच येईनाशी झाली. वाढला तो फक्त १८१ ते २५० मधला वेळ. पहिल्या रिपोर्टाची सुंदर सरासरी कशातून आली होती हे तेव्हा कळलं. खूप खाली आणि खूप वर यांची बेरीज करून दोनानं भागलं की मधला आकडा देखणाच येतो.

हाच फरक रिपोर्टात एका आकड्यानं सांगितलेला असतो. त्याला सीव्ही म्हणतात. साखर सरासरीपासून किती लांब हेलकावे खाते ते मोजायचं (त्याला प्रमाण विचलन म्हणतात) आणि त्याला सरासरीनं भागायचं. ३६ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर साखर स्थिर मानतात. माझा पहिला: ५५ भागिले १३८, म्हणजे ४०. दुसरा: ५१ भागिले १५६, म्हणजे ३३. सीव्ही ३६ च्या वर असताना सरासरी खाली ओढायला गेलं तर साखर वारंवार उतरायला लागते. त्यामुळे मी आता हिरव्या पट्टीच्या आधी सीव्ही बघते.

लाटेचा आलेख

रिपोर्टाच्या मधोमध जो लाटेसारखा आलेख असतो त्यात चौदा दिवस एकावर एक ठेवून एकच दिवस केलेला असतो. मधली ठळक रेषा म्हणजे मध्यक: त्या वेळेच्या निम्म्या नोंदी तिच्या वर, निम्म्या खाली. तिच्या भोवतीचा गडद पट्टा म्हणजे मधल्या निम्म्या नोंदी. बाहेरचा फिका पट्टा ५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत. मधली रेषा हा कुठलाच खरा दिवस नाही, हे विसरू नका. ती छान मधून जात असेल आणि फिक्या पट्ट्याची खालची कड ७० च्या खाली बुडत असेल, तर त्या वेळी अधूनमधून साखर उतरते आहे.

या आलेखातून मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे गडद पट्ट्याची रुंदी. नाश्त्यानंतर माझी रेषा २१० पर्यंत चढायची, पण पट्टा अरुंद होता. म्हणजे रोज तेच घडत होतं. रोज तेच घडतं त्याला एकच कारण असतं आणि ते सापडतं. माझं कारण इन्सुलिनची वेळ होती: मी टोचलं की लगेच खायला बसायची. डॉक्टरांशी बोलून ते पंधरा-वीस मिनिटं आधी घ्यायला लागले. रात्रीच्या जेवणानंतर मात्र पट्टा भला रुंद, १२० पासून २४० पर्यंत. तिथे डोसच्या आकड्यात उत्तर नव्हतं. जेवणाची वेळ रोज वेगळी, काम लांबलं की अंदाजानं घेतलेलं बोलस (जेवणासाठीचं इन्सुलिन). पट्टा रुंद असेल तिथे आधी आपला दिनक्रम तपासावा, अरुंद आणि चढा असेल तिथे डोस आणि वेळ. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे करून बघता आले तर तेही करा. माझ्या दोन्हींच्या लाटा ओळखीच्या वाटू नयेत इतक्या वेगळ्या आहेत.

जीएमआय आणि प्रयोगशाळेचा आकडा

एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची साधारण साखर दाखवणारी रक्ततपासणी. जीएमआय हा सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला तिचा अंदाज. सूत्र साधं आहे: सरासरीला ०.०२३९२ नं गुणा आणि ३.३१ मिळवा. माझ्या १५६ ला ७.० येतो. ढोबळमानानं हिरवी पट्टी ७० टक्के म्हणजे एचबीए१सी ७ च्या आसपास, ५० टक्के म्हणजे ८ च्या आसपास.

ढोबळमानानंच. त्याच सुमारास प्रयोगशाळेत माझा एचबीए१सी ७.६ आला. मला सेन्सरवर शंका आली. डॉक्टरांनी रक्ताची पूर्ण तपासणी करायला सांगितली आणि लोह कमी असल्यामुळे पंडुरोग निघाला. एचबीए१सी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजतो, त्यामुळे पेशींचं आयुष्य बदललं की तोही बदलतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा चढतो, पेशी लवकर फुटत असतील तर खोटा उतरतो. लोहाच्या गोळ्यांनंतर दोन्ही आकड्यांतलं अंतर कमी झालं. तुमच्या दोन आकड्यांत ०.५ हून जास्त फरक वारंवार दिसत असेल तर एकाला खोटं ठरवून मोकळे होऊ नका, कारण विचारा.

बदल झाला असं कधी म्हणायचं

एका रिपोर्टात ६८ आणि पुढच्यात ७० आलं तर मी त्याला सुधारणा म्हणत नाही, ६६ आलं तर घसरणही नाही. दोन टक्के म्हणजे अर्धा तास. एखादं आजारपण किंवा एखादी जागरणाची रात्र तेवढं हलवते. पाच टक्के हलले, म्हणजे दिवसाला १ तास १२ मिनिटं, तर तो फरक तब्येतीला जाणवणारा मानतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चौदा दिवस तशीच ठेवायची आणि मग तुलना करायची. रोज सकाळी ॲपमधला कालचा टक्का बघणं मी सोडून दिलं. एका दिवसाचा ४५ टक्के मला दिवसभर खात बसायचा आणि त्यातून शिकण्यासारखं काही नसायचं.

डॉक्टरांकडे जाताना मी आता छापील कागदाच्या वरच्या कोपऱ्यात चार ओळी पेन्सिलनं लिहून नेते. ताज्या रिपोर्टावर लिहिलेल्या ओळी अशा आहेत: सेन्सर चालू ९५ टक्के, पट्टा ७० ते १८०. ७० च्या खाली रोज अर्धा तास, बहुतेक संध्याकाळी चालून आल्यावर, बोट टोचून दोनदा खात्री केली. हिरवी पट्टी ७४, मागच्या वेळेपेक्षा सुमारे दीड तास जास्त, नाश्त्याच्या आधीच्या इन्सुलिनची वेळ बदलल्यापासून. रात्रीच्या जेवणानंतरचा पट्टा अजून रुंद आहे, त्याबद्दल बोलायचं आहे.